पाय आपटत पाहिलेलं जंगल

आठवीत शाळा सुटली, माझं गाव करमाड नंतर सुटलं. आचाऱ्यांच्या हाताखाली फिरत फिरत मी अंदमानातल्या एका बेटावर, बंगाली मालकाच्या गेस्ट हाउसात पोचलो. जेवण, पलंग, वर पगार. एवढं मला कुणी दिलं नव्हतं, म्हणून रोज भीती वाटायची की हा माणूस एक दिवस भानावर येईल. तो समोर आला की मी पटकन हातात काहीतरी धरायचो, बहुतेक कांदा.

एका सकाळी गाइड तापाने पडला. मालक म्हणाला, पाहुण्यांना जंगलातून किनाऱ्यापर्यंत तू घेऊन जा. हळू चालायचं, बोलायचं नाही, म्हणजे पक्षी दिसतात. खूश होऊन आले तर तुझं पक्कं. नाही तर... पुढचं त्याने बोटीकडे हात करून सांगितलं.

पाहुणे म्हणजे साठीचे काका-काकू. माझी हिंदी ऐकूनच काकूंनी विचारलं, ‘‘कुठला रे तू?’’ करमाड म्हटल्यावर त्यांचा चेहराच खुलला. राहायला आमच्या जवळच्याच शहरात, छावणी भागात, माहेर पैठणचं.

जंगलात शिरलो आणि वाटेवर गुडघ्याएवढं गवत आलं. आता असं गवत दिसलं की आमच्याकडचा माणूस पाय आपटतो. हादरा बसला की साप बाजूला होतो, हे शाळेच्या आधी शिकलेलं. हळू चालायचं मला पाठ होतं, पण पायांना कोण सांगणार? मी आपटले. मागे काकूंनी माझ्यापेक्षा जोरात आपटले. काका काठीने झाडं बडवत खाकरत निघाले. वरून सारखं काहीतरी उडून जात होतं, आम्हाला नुसत्या शेपट्या दिसत होत्या. एक मोठं हिरवं काहीतरी गेलं. ते काय होतं, काकांनी विचारलं. मी म्हणालो, पक्षी.

अर्ध्या वाटेत मला मालकाची बोट आठवली. ‘‘काकू, जरा हळू चालू या का? पक्षी दिसंना झालेत.’’

‘‘पक्षी नाय दिसला म्हणून माणूस मरत नाय. आपट तू.’’

परत आलो तर मालक दारातच. क्या देखा, म्हणाला.

‘‘कुछ नहीं दिखा,’’ काका म्हणाले. मी खांब धरला.

‘‘एक भी साप नहीं दिखा,’’ काकू म्हणाल्या. ‘‘लई गुणाचा लडका है. इसको छोडना मत.’’

मालकाने एकदा बोटीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, जा, मासे साफ कर. आजचेच नव्हे, उद्याचेही.

गाइड बरा होऊन कामावर आला. त्या वाटेवर पक्षीच का नाहीत, म्हणून दोन दिवस हैराण होता. मी मासे साफ करत होतो.