मला सरी नाही

बेंगळुरूतल्या आमच्या राजाजीनगरच्या मराठी मंडळात ठराव हात वर करून होत नाहीत, 'सरी' म्हणून होतात. कानडीतलं हे 'सरी', म्हणजे ठीक आहे, आमच्या पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या घरांत इतकं मुरलंय की पुण्याचा पाहुणा ते ऐकून आधी खिडकीबाहेर पाऊस बघतो. अध्यक्ष विचारतात, "सरी?" सगळे म्हणतात, "सरी." झाला ठराव.

आधीचे अध्यक्ष विचारून थांबायचे. चष्मा पुसत बसायचे. मागं कुणी चुळबुळ केली की, "काय हो, मनात काय आहे?" म्हणून त्याला बोलतं करायचे. त्या थांबण्यानं माझा जीव जायचा. गळक्या छतावर बैठकांवर बैठका व्हायच्या, चहा गार व्हायचा आणि छत गळतच राहायचं. मी त्यांना कमी नावं ठेवली नाहीत.

आताचे अध्यक्ष, आम्हा सगळ्यांचे अण्णा, झपाट्याचे. आल्या आल्या छत दुरुस्त केलं, पंखे बसवले. मीही टाळ्या वाजवल्या. मंडळाची घटना तीच, सभासदही तेच. फक्त अण्णा "सरी?" विचारतात तेव्हा पुढचा विषय त्यांच्या ओठांवर तयार असतो. दर वेळी ते बिनविरोध निवडून येतात आणि हा बिनविरोधपणा आम्ही कौतुकानं मिरवतो.

मागच्या महिन्यातल्या सभेत अण्णा म्हणाले, "मागची खोली आपल्या भागातल्या पुढाऱ्यांना ऑफिससाठी देऊ या. पालिकेची निवडणूक होईल तेव्हा होईल, माणूस उद्या आपल्या उपयोगी पडेल. सरी?"

"सरी," सभा म्हणाली.

त्या खोलीत दर शनिवारी मी मुलांना मराठी शिकवते. व्हाइटफील्ड, कोरमंगलाहून आयटीतले आईबाप एवढं ट्रॅफिक तुडवत पोरांना घेऊन येतात. घरात मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलं आता कुठं आजीला फोनवर चार वाक्यं बोलायला लागलीयत. खोली गेली की वर्ग मोडला, दुसरी जागा मला कोण देणार?

मी उठले. "अण्णा, मला सरी नाही."

लोक हसले. अण्णाही हसले, अगदी मायेनं. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात स्वतःची गाडी घेऊन धावलेला हा माणूस. "अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. मुलं ऑनलाइन शिकतील."

"मत घ्या," मी म्हटलं.

कुणाच्या लग्नात मी अपशकुनी बोलले असावे तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णांचा चेहरा उतरला. खरोखर दुखावले ते. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" त्यांनी विचारलं. खोलीचा प्रश्न बघता बघता अण्णांचा झाला. मग ते सभेकडे वळले. "ज्यांचा माझ्यावर विश्वास नाही, त्यांनी हात वर करा."

मी हात वर केला. शनिवारी मुलांना सोडायला येणाऱ्या आया पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याचे दोन्ही हात मांडीवरच होते.

बाहेर स्कूटर काढताना तो म्हणाला, "तुझं बरोबरच होतं गं. पण अण्णांच्या तोंडावर कसं..." रोज सकाळी टीव्हीपुढं, 'यांच्या पक्षात नेत्यापुढं ब्र काढायची कुणाची हिंमत नाही' म्हणून तावातावानं बोलणारा हाच माणूस! मला इतका संताप आला की मी स्कूटरवर बसलेच नाही, रिक्षा केली.

तेव्हापासून मला चैन नाही. भाजी चिरताना, मेट्रोत, देवापुढंसुद्धा मी अण्णांशी वाद घालत असते. शेवटी ठरवलं, या खेपेला अध्यक्षपदाला आपणच उभं राहायचं. हरले तरी चालेल, पण लोकांना एकदा मत द्यावं तर लागेल. उभं राहायला एक सूचक लागतो. दोघी-तिघींना विचारलं. कुणाच्या मुलीचं लग्न निघालं, कुणाचे गुडघे.

काल नवऱ्यालाच विचारलं. त्यानं पेपर बाजूला ठेवला, चक्क हसला.

"होईन की सूचक," तो म्हणाला. "फक्त आधी एकदा अण्णांना विचारू या?"