नियम क्रमांक तीन आणि सरोजिनीचा फ्रॉक

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. सरकारी ऑफिसातल्या जादा खुर्चीवर फायली साचतात, तसे ते आपोआप साचतात. दिल्लीत मुनिरकातल्या आमच्या संस्थेत मला मुलांना शिकवायला लागून आठ महिने झालेत, आणि आता आई पोळी वाढायच्या आधी विचारते, "आज काय झालं तिकडे?"

परदेशात शिकताना मला वाटायचं, भारतात परतायचं, एखाद्या संस्थेचं कपाट उघडायचं की आतून घोटाळे धबाधबा बाहेर पडतील. इथे तर कपाटाला कुलूपच नव्हतं. शाळा सुटल्यावर वस्तीतली मुलं अभ्यासाला येतात, ती दोन खोल्यांची जागा म्हणजेच संस्था. वसुधाताई ती चालवतात. भाडं नोएडाचे एक कारखानदार, खन्नासाहेब, देतात. ते थांबलं तर खोल्या गेल्या, हे सगळ्यांना माहीत.

आमचे खजिनदार जोगळेकर काका ऑडिट खात्यातून रिटायर झालेले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते मुलांच्या आयांना सतरंजीवर बसवून सगळा खर्च मोठ्याने वाचून दाखवतात. पारदर्शकतेवर चाळीस स्लाइड्स घेऊन मी पहिल्यांदा गेले, तेव्हा एक बाई काकांना अडवत होती, "काकाजी, समोसा इतना महँगा? नुक्कड़ वाला सस्ता देता है."

काकांनी शांतपणे दुकान बदललं. मी लॅपटॉप उघडलाच नाही.

*

पण मुलांच्या सुरक्षिततेबद्दल लेखी काहीच नव्हतं. मी दोन रात्रींत नियमावली लिहिली. नियम तीन माझा लाडका: कोणीही मोठा माणूस मुलाला एकटा कुठे नेणार नाही, आणि पालकांना विचारल्याशिवाय भेटवस्तू देणार नाही.

मग तक्रारपेटी आणली. महिनाभराने थाटात उघडली, तर आत एकच चिठ्ठी. "डिब्बा ताई की मेज के सामने है. जो डालेगा, दिखेगा."

पेटी कुठे ठेवायची ते मुलांनाच विचारलं. आता ती पाण्याच्या टाकीजवळ आहे. तिथे सगळेच जातात, त्यामुळे कोण कशाला गेलं ते कळत नाही. हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं, यार!

*

मुलांमध्ये वावरणाऱ्या प्रत्येकाने फॉर्म भरायचा, चारित्र्याची खात्री देणाऱ्या एका माणसाचं नाव द्यायचं, असाही नियम केला. काकांनी वसुधाताईंचं नाव दिलं. वसुधाताईंनी काकांचं.

"असं कसं चालेल?" मी म्हटलं.

"अगं सई, आम्ही एकमेकांना तीस वर्षं ओळखतो," वसुधाताई म्हणाल्या.

"म्हणूनच चालणार नाही," काका म्हणाले, आणि स्वतःचाच फॉर्म त्यांनी लाल पेनने नामंजूर केला.

*

मागच्या महिन्यात खन्नासाहेबांचा फोन आला. त्यांच्या वाढदिवसाला एका हुशार मुलीला गाडीतून घरी न्यायचं होतं. केक, फोटो, नवी सायकल.

"सर, आईसोबत आली तर चालेल," मी म्हटलं.

"मॅडम, हम पर शक है आपको?"

"नाही सर. नियम सगळ्यांना सारखा आहे."

ते म्हणाले, पुढच्या वर्षीच्या भाड्याचं सोमवारी कळवतो. वसुधाताईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

*

त्यानंतरचा शनिवार. खर्च वाचून झाल्यावर मी उभी राहिले आणि आपण एवढ्या मोठ्या देणगीदाराला कसं नाही म्हटलं, ते आयांना रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या.

रुखसारची आई शबाना तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. "बढ़िया किया दीदी," ती म्हणाली. "अच्छा, पिछले हफ़्ते मेरी लड़की को ऑटो में अकेले कहाँ ले गई थीं आप?"

सरोजिनी नगरच्या कपडा बाजारात. रुखसारला कविता म्हणायची होती आणि तिच्याकडे धड कपडे नव्हते. निळा फ्रॉक मीच घेऊन दिला होता, घासाघीस करून. किती खूश होती ती!

"आपने अच्छा ही सोचा होगा," शबाना म्हणाली. "पर मैं दो घंटे गली में ढूँढती रही."

काकांनी चष्मा काढला. "आईला विचारलं होतंस?"

"नाही."

"दोघीच गेलात?"

"हो."

"फ्रॉकची नोंद?"

"काका, माझे पैसे होते."

"म्हणजे तेही लपलेलंच," काका म्हणाले, आणि रजिस्टरमध्ये लिहू लागले.

मी शबानाची माफी मागितली. तिने मान हलवली, पण रुखसारला हाताला धरून घरी नेलं. सगळे गेल्यावर वसुधाताई हळूच म्हणाल्या, "चौकशी करूच गं. पण खन्नांचा निर्णय होईपर्यंत बाहेर बोलू नकोस. त्यांना कळलं तर म्हणतील, मला नियम शिकवता आणि स्वतः? सोमवार तर जाऊ दे."

बिल्कुल पटण्यासारखं होतं. त्या संध्याकाळी मला ते पटलंही.

रविवारी सकाळी उठल्या उठल्या मी नोएडाला फोन लावला, आणि खन्नासाहेब "बोलिए मॅडम" म्हणायच्या आत सांगून टाकलं, "सर, आमच्याकडे नियम तीन मोडला गेलाय. मोडणारी मीच आहे. चौकशी संपेपर्यंत मी मुलांना शिकवणार नाही. आता भाड्याचं काय ते तुम्ही ठरवा."