बिनदाराची जाळी

मागच्या पडवीला जाळी ठोकून झाली, मी हातोडी खाली ठेवली आणि तेव्हा लक्षात आलं, की जाळीला दार ठेवायचं राहिलंय.

घोटावड्यात आमच्या घरामागं पोल्ट्री झाल्यापासून माश्यांचा उच्छाद होता. बायको म्हणत होती सुताराला बोलवा. मीच म्हणालो, त्यात काय एवढं! त्यामुळं आता ‘राहिलं’ म्हणायची सोय नव्हती.

“मुद्दामच न्हाई ठेवलं,” मी म्हणालो. “दार आलं की फट आली, फट आली की माशी आली.”

पडवीतून उतरलं की बायकोच्या जाऊबाईंचं अंगण. दुपारी दोघी तिथं लसूण सोलत बसायच्या, आणि लसणाबरोबर मीही सोलून निघायचो. आता जायचं तर पुढच्या दारानं, भाडेकरूंच्या मोटारसायकलींमधून वाट काढत, पोल्ट्रीच्या टेम्पोंच्या रस्त्यानं वळसा. तिनं जाणंच सोडलं. जाळीला टेकून एकटीच सोलत बसायची. पलीकडून जाऊबाई विचारायच्या, “काय गं, भेटायची येळ झाली का?”

आत तिला सोबत कढीपत्त्याच्या कुंडीची. त्यावर एक हिरवी अळी होती. एरवी ती चपलेखाली गेली असती. या खेपेला बायकोनं तिला पोटभर पानं खाऊ दिली आणि आमटीसाठी कढीपत्ता बाजारातून आणू लागली. पुढं अळीनं फांदीला कोष केला. बायकोचा सकाळचा चहा त्या कोषासमोर व्हायचा.

कुंडीशेजारी मी आणलेलं कोंबडखताचं पोतं होतं. त्यात तांबूस दाणे दिसायचे. मला वाटलं, कोंबड्यांचं खाद्य सांडलं असेल. ते माश्यांचे कोष निघाले. थोड्याच दिवसांत आत इतक्या माश्या झाल्या, की बाहेर बरं म्हणायची वेळ आली. आणि जाळीतून एकही बाहेर जाईना. काम पक्कं झालं होतं.

“अवो, काढा की ती जाळी.”

“बाहेरच्या माश्या येतील.”

“मग ह्या आतल्या काय पाव्हण्या हायेत?”

“मरतील आपोआप. माशीचं आयुष्य ते काय!”

मोबाइलवर पाहिलं, तर माशी चांगली तीन-चार आठवडे जगते. हे मी घरात सांगितलं नाही. ताटावर ताट झाकून जेवत राहिलो.

एका सकाळी कोष फुटला. काळं-पिवळं फुलपाखरू बराच वेळ पंख वाळवत लटकलं, आणि उडालं ते थेट जाळीवर. आपटायचं, घसरायचं, पुन्हा वर चढायचं.

“किती जगतंय वो हे?” बायकोनं विचारलं.

“दोनेक आठवडे. तेवढंही न्हाई कदाचित.”

तिनं जाळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. टोमणासुद्धा मारला नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो. फुलपाखराच्या पंखाची कड झिजायला लागली होती.

मी पक्कड आणली. एवढे खिळे मी कशाला मारले होते, देव जाणे! एकही हलेना. शेवटी कात्री घेतली आणि जाळी वरपासून खालपर्यंत उभी फाडली. फुलपाखरू नेमकं दुसऱ्या कोपऱ्यात. बायकोनं पदरानं हळूच वळवलं, तेव्हा कुठं त्याला वाट सापडली. जाऊबाईंच्या पेरूवरून दिसेनासं झालं. माश्या जागच्या हलल्या नाहीत.

बायकोनं लसणाची पाटी उचलली, फाटक्या जाळीतून वाकून अंगणात उतरली आणि मागं न बघता म्हणाली, “ते पोतं तेवढं बाहेर टाका. आन् जाळी शिवत बसू नका. मला लई बोलायचंय, यायला उशीर व्हईल.”