अप्पांना न वाचून दाखवलेली चार पानं

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतेय. यातही भित्रेपणा आहे — माहीत आहे मला.

आधी अप्पांबद्दल सांगते. माझे वडील. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये रंग तपासायचे. कापड धुऊन, घासून, उन्हात टाकून रंग टिकतो का ते बघायचं आणि मगच सही करायची. घरीही तोच खाक्या. देव मानत नसत, पण मानणाऱ्यांशी वाद घालायला त्यांना फार आवडायचं. छत्रीबागेतल्या आमच्या घरी वादाचे दोन नियम होते. समोरच्याचं म्हणणं आपण असं मांडायचं की तो ‘हो, हेच’ म्हणाला पाहिजे. त्याआधी खोडायचं नाही. आणि दुसरं, प्रत्येकाला एक प्रश्न: ‘ये बताओ, काय सापडलं तर तुम्ही कबूल कराल की माझं चुकलं?’

या प्रश्नाला भले भले चुकायचे. मीसुद्धा. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, अप्पांच्याच तालमीतली, त्यांच्यासारखीच नास्तिक. एकदा त्यांनी मला विचारलं, काय दिसलं तर तू देव मानशील? मी तोऱ्यात म्हटलं, काहीही दिसलं तरी नाही. अप्पा नुसतं ‘हं’ म्हणाले. चूक उत्तर होतं ते, हे मला त्या ‘हं’वरूनच कळलं.

मग सुनंदा आली. मीच आणली तिला. आमच्या शाळेत गणित शिकवायची. ख्रिस्ती, तिचे वडील रेल्वेच्या नोकरीत नगरहून इकडे आलेले. एका रविवारी चर्चमधून परस्पर आमच्याकडे आली आणि अप्पांनी तिला पकडलं. दोन तास! मी तीनदा चहा केला, पण मला कोणी बस म्हटलं नाही. पुढे दर रविवारी तेच. फाटक वाजलं की अप्पा हाक मारायचे, ‘आ गई? ये सुनंदा बेटा, बस. आजचा सवाल ऐक.’

बेटा. मला ते मंगल म्हणायचे, फार तर मंगले. चाळीस वर्षांत बेटा एकदाही नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलीस? खरंच आहे. पण मी जळत होते — सरळ सांगते, जळत होते. तिच्या साध्या साडीवर, शांत आवाजावर, ‘हे मला माहीत नाही अप्पाजी, विचार करून सांगते’ असं बिनधास्त म्हणण्यावर. आणि सगळ्यात जास्त कशावर? मी अप्पांशी सहमत होते तरी त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं. ती सहमत नव्हती आणि ते तिची वाट बघायचे.

शेवटी अप्पांनी तिला त्यांचा मोठा प्रश्न घातला. मेलेला माणूस उठत नाही हा तुझाही अनुभव, माझाही. मग येशू उठला हे मानायला कारण काय? आणि काय सापडलं तर सोडशील? सुनंदा म्हणाली, लिहून देते.

त्याच सुमारास अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला हिरवी पट्टी, वाचायला मनाई. सुनंदा बहिणीकडे नागपूरला निघाली होती. जाताना स्टाफरूममध्ये तिने माझ्या हातात चार पानं दिली. ‘तूच वाचून दाखव गं. तू नीट वाचतेस.’ पाकीट चिकटवलेलंसुद्धा नव्हतं.

मी ती पानं आधी रिक्षात वाचली. काय होतं त्यात? तिने लिहिलं होतं — मेलेले उठत नाहीत हे त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होतं, ते काही बावळट नव्हते; म्हणून तर शिष्य घाबरून लपून बसले. मग तेच लोक थोड्या दिवसांत भर रस्त्यात उभे राहून, मार खात, जिवावर उदार होऊन हे सांगू लागले, ते का? दुसऱ्याच्या खोट्यासाठी माणूस फसून मरेल. आपणच रचलेल्या खोट्यासाठी कोण मरतं? आणि रचायचंच होतं तर रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली असं कोण रचेल, ज्यांच्या साक्षीला तेव्हा कोणी विचारत नव्हतं? पुढे लिहिलं होतं, यातून सिद्ध काही होत नाही, अप्पाजी. पारडं झुकतं एवढंच. उरलेलं अंतर मी विश्वासाने चालते, पण उघड्या डोळ्यांनी. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर: त्याची हाडं सापडली, तर माझं चुकलं. मी सोडून देईन.

मला पटलं का? नाही. आजही पटत नाही. पण शेवटची ती ओळ — अप्पा आयुष्यभर ज्या उत्तराची वाट बघत होते ते हेच, हे मला रिक्षातच कळलं. आणि ते माझं नव्हतं.

दुपारी अप्पा पट्टी बांधून, कान देऊन बसले. पानं माझ्या हातात होती. मी म्हटलं, ‘तिने एवढंच लिहिलंय अप्पा — श्रद्धेला तर्क लागत नाही.’

‘बस? इतकंच?’

‘इतकंच.’

ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, ‘मला वाटलं होतं, लड़की में दम है.’ त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्याचं म्हणणं मी चुकीचं मांडेन हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्यांनीच शिकवलं होतं ना मला.

सुनंदा परत आली. अप्पाजी काय म्हणाले? मी म्हटलं, हसले. तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं — हो, वाटलं. त्यानंतर ती आली की स्वयंपाकघरात माझ्यापाशी बसायची. अप्पा बाहेरून तब्येत विचारायचे, ती आतून उत्तर द्यायची. तिला ओशाळं वाटू नये म्हणून त्यांनी विषय काढला नाही, पुन्हा हसू व्हायला नको म्हणून तिने काढला नाही. त्याच थंडीत अप्पा गेले. मंगल म्हणतच गेले.

आता मी विजय नगरला फ्लॅटमध्ये राहते. सुनंदा दोन बिल्डिंग सोडून. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, असं सगळे म्हणतात, तीही म्हणते. ती चार पानं माझ्या कपाटात साड्यांखाली आहेत.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे होते. तिची नात आयटीत आहे, हुशार पोरगी. थट्टा म्हणून नाही, अगदी कळवळून तिने विचारलं, ‘आजी, मला सच में मानायचंय. पण काही लॉजिक तर दे ना. तू तर मॅथ्सची टीचर होतीस.’

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, कसनुशी हसली, आणि नातीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘श्रद्धेला तर्क लागत नाही गं, बेटा.’

माझं वाक्य. मी तिच्या नावावर खपवलेलं, तिने कधी न ऐकलेलं, तरी शब्दाला शब्द. नात ‘ठीक आहे’ म्हणून फोन घेऊन आत गेली. मी तिथेच बसले होते. ती चार पानं दोन बिल्डिंग पलीकडे, साड्यांखाली.