लिथियमला ऊन लागलं

गाढवपणा करायलाही शिक्षण लागतं, हे पटत नसेल तर चहा ओता आणि ऐका. माझं एम.एस्सी. झालं होतं, म्हणूनच मला तो एवढा मोठा करता आला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात मी पीएच.डी. करत होतो. लिथियमसारख्या हलक्या अणूच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जोडीने राहतात का, ते मला शोधायचं होतं. शोधणार कसं? लिथियमच्या तुकड्यावर कणांचा मारा करायचा. एका बाजूला प्रोटॉन मोजणारा काउंटर, दुसऱ्या बाजूला न्यूट्रॉन मोजणारा. दोघांना एकाच क्षणी चाहूल लागली की यंत्र ‘टक्’ करणार, म्हणजे जोडी बाहेर पडली!

हिवाळाभर एक टक् नाही. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपणार होती. तिकडे नरखेडला बाबा संत्र्याच्या बागेत वाटच बघत होते. मोटारपंप सांभाळायला त्यांना शिकलेला मुलगा हवाच होता.

एप्रिलात खोलीची भट्टी झाली. मी घरचा पत्र्याचा कूलर आणला, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या स्वतः बांधल्या आणि तो काउंटरशेजारी ठेवून त्याच विजेच्या बोर्डावर लावला. आणि काय सांगता, दुसऱ्याच दिवसापासून टक् टक् टक्!

ऊन चढलं की जोड्या वाढायच्या, आभाळ आलं की बंद. दुसऱ्या कुणी शंका घेतली असती. मी सिद्धांत मांडला. नागपूरच्या उन्हानं लिथियमचा गाभा सैल पडतो!

माझे मार्गदर्शक देशमुख सर पक्के वऱ्हाडी. ते म्हणाले, "काहून गा, उन्हानं गाभा सैल होते काय?"

"सर, आकडे बोलून राहिले नं," मी म्हणालो.

सरांनी बाहेरगावचे एक मोठे तज्ज्ञ बोलावले. शिष्यवृत्ती वाढवायची की नाही, हे त्यांच्याच शब्दावर होतं. मला कसली काळजी? मी बाबांना कळवूनही टाकलं की पंपाला दुसरा माणूस बघा. वर संत्रा बर्फीचा डबा आणून टेबलावर ठेवला.

तज्ज्ञ आले. यंत्र टकटकत होतं, पण कूलरच्या घरघरीत त्यांना नीट ऐकू येईना. पाहुण्यांना एकेक टक् स्वच्छ ऐकू यावं, म्हणून मी ऐटीत उठलो आणि कूलर बंद केला.

टकटकही बंद.

"उकडायला लागलं की यंत्र जरा रुसतं," मी घाम पुसत म्हणालो.

"पण तुमच्या सिद्धांताप्रमाणे उकडलं की जोड्या वाढायला हव्यात ना?" तज्ज्ञांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

मी कूलर लावला. टक् टक्. बंद केला. शांत. ऊन चढलं की मी कूलर लावायचो, आणि त्याच्या मोटरच्या ठिणग्या विजेच्या तारेतून दोन्ही काउंटरना एकदमच धक्का देत होत्या.

"अबे, तू लिथियम नाही, कूलर मोजून राहिला होता," सर म्हणाले. मी मनातल्या मनात नरखेडचा पंप सुरू करून पाहिला.

तज्ज्ञांनी शांतपणे एक तुकडा तोंडात टाकला. "बर्फी मात्र अस्सल आहे," म्हणाले. पण माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी एक वर्ष वाढवून दिलं. अट एकच, कूलर या खोलीत दिसता कामा नये.

पुढच्या उन्हाळ्यात जोड्या सापडल्या. थोड्याच, पण खऱ्या. आणि कूलर? तो सरांनी आपल्या खोलीत नेऊन लावला. मी बांधलेल्या ताट्यांच्या गारव्यात बसून ते माझाच प्रबंध तपासायचे. परत मागणार तरी कोणत्या तोंडानं?

भर मे महिन्यात मी घामानं निथळत बसलो की सर दारातून डोकं आत घालायचे आणि विचारायचे, "काहून गा, झाला काय गाभा सैल?"