दारातली आरती

माघातली ती दुपार आठवते ती धुक्यासकटच. ऊन होतं, पण दूध घातलेल्या पाण्यासारखं, कशावरही न टेकणारं.

आमच्या गाझियाबादच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गणपतीचं एक चित्र आलं होतं. दिल्लीत कोपर्निकस मार्गाजवळच्या कुठल्याशा लहानशा गॅलरीत लावलेलं. खाली लिहिलेलं, ‘निषेध! सर्वांना पाठवा.’ चित्रात काय होतं ते मी सांगणार नाही; सांगितलं तर मीही पाठवणाऱ्यांतलीच. आईने ते धड न बघताच पुसून टाकलं. “मला नाही बघायचं. कुणीच बघू नये. ते उतरलं पाहिजे,” एवढंच म्हणाली.

मंडळ पडलं सभ्य. घोषणा आपल्याला शोभत नाहीत, दारात उभं राहून आरती करू, असं ठरलं. झांजा, ताम्हन, कापूर घेऊन आम्ही मेट्रोने गेलो. गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. रखवालदार खुर्चीत पेंगत होता.

आरती सुरू झाली आणि मी कुठे आहे तेच विसरले. कापराचा वास धुक्यात रेंगाळत होता, झांजा कुठून तरी लांबून वाजल्यासारख्या वाटत होत्या. रस्त्यावरची माणसं थांबली, डोक्यावर रुमाल घेऊन टाळ्या वाजवू लागली. आरती संपल्यावर त्यांनी ज्योतीवरून हात फिरवले, पायऱ्यांवर चपला काढल्या, आणि एका बाईंनी आईला विचारलं, “माताजी, दर्शन अंदर है ना?”

आम्ही “नहीं, नहीं” म्हणेपर्यंत रांग लागलीसुद्धा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! अध्यक्षकाका हिंदीत निषेध समजावून सांगू लागले, तेव्हा जे जाणार नव्हते तेही कुतूहलाने आत शिरले.

आईने ताम्हन माझ्या हातात कोंबलं आणि ती आत धावली. मी पोचले तेव्हा ती चित्राकडे पाठ करून, पदर दोन्ही हातांनी पसरून उभी होती. “मत देखो, बाबा, मत देखो.” समोर सगळे फोन वर झालेले. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याची मावशी, ठाण्याची वहिनी, माझ्या ऑफिसातली मैत्रीण, सगळ्यांकडून तोच फोटो आला. मावशीने वर लिहिलं होतं, ‘वा ताई, गाजलीस!’ आईने कौतुकाने चष्मा लावला. फोटोत ती मधोमध होती, लहानखुरी. तिच्या डोक्यावर आणि पदराच्या दोन्ही बाजूंना ते चित्र पुरतं दिसत होतं. ती बराच वेळ बघत राहिली.

हल्ली ती पूजेत डोळे मिटत नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, “मिटले की आधी ते येतं गं. म्हणून मूर्तीकडे बघत बसते. पण मूर्ती पितळेची आहे. माझा गणपती आत होता.”