तांबडा ठिपका वर

दोन हजार तेवीस साल, दसऱ्याचे दिवस. कापसाची पहिली वेचणी चालू होती. त्या दसऱ्यापर्यंत माझ्या कोपऱ्यात रेडिओंची उतरंड लागली होती. दुरुस्तीला टाकलेले रेडिओ न्यायला लोक येत नाहीत. किश्शांचंही तसंच. माणूस बोलून निघून जातो, किस्सा माझ्याकडे पडून राहतो.

मी दगडू. शाळा चौथीपर्यंत. दिंद्रुडला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आता तिथे पोरगा मोबाइल विकतो, पण एका कोपऱ्यात माझं टेबल आहे आणि ते मी हलवू देत नाही.

हल्ली एक नवीन खूळ आलंय. काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर मिळतो, आत शेकडो गाणी. ती गाणी म्हाताऱ्यांना जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून ऐकायची असतात. करता येतं. त्या रेडिओला मागे दोन भोकं असतात. पूर्वी त्यात ग्रामोफोनची वायर जायची, आता प्लेअरची जाते. आवाज असा भरून येतो की नव्या डब्यांनी लाजावं.

पण माझा जीव वर-खाली होतो. का, ते पुढे येईल. माझ्या दोन अटी. पायात चप्पल पाहिजे. आणि रेडिओचं झाकण काढलं की एक हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. लोक हसतात. हसू दे.

*

शेजारी गफूरभाईचं चहाचं हॉटेल. पहिला प्लेअर त्याच्या रेडिओला जोडला. प्लेअर त्याने बरणीमागे लपवला.

एक गिऱ्हाईक आलं, धर्मापुरीकडचं. त्याला बातम्या पाहिजे होत्या. त्याने काटा फिरवला, गाणं तेच. दुसऱ्या टोकाला नेला, गाणं तेच. बिचाऱ्याला घाम फुटला.

"गफूरभाई, हे कोणतं स्टेशन हाय बे? काटा कुठंबी न्या, हेच लागतंय!"

गफूरभाई चहा गाळता गाळता म्हणाला, "लई पावरफुल स्टेशन हाय. दुसऱ्याला बोलूच देत न्हाई. माझ्या बायकूनं काढलंय!"

आतून बायकोचा आवाज आला, "मंग बंद करून दावा की!"

*

पालीकडचे एक पुढारी. नाव नको. दोन माणसांनी उचलावा असा रेडिओ गाडीत घालून आणला. प्लेअरमध्ये आधीच्या गाण्यांच्या जोडीला त्यांचं दारूबंदीचं भाषण भरलेलं. बैठकीत लोक जमवायचे आणि रेडिओतून आपला आवाज सोडायचा, असा बेत. जोडून दिलं आणि सांगितलं, "साहेब, प्लेअर एकामागून एक कुठलंही उलटसुलट लावतो. ते बटण बंद करा."

"मला शिकवता का, तात्या?"

नाही शिकवलं.

बैठक भरली. रेडिओतून भाषण सुरू झालं. "दारूनं संसाराची राखरांगोळी झाली, बंधूंनो..." लोक माना डोलवायला लागले. भाषण संपलं, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत ढोलकी कडाडली आणि लावणी सुरू झाली!

साहेब बटण शोधत राहिले. मागून एक जण म्हणाला, "राहू द्या साहेब, ह्ये भाषण जास्त पटतंय!"

*

काशीबाईची तक्रार वेगळी होती. "तात्या, तुमचा रेडिओ भजनाची पहिली ओळ गिळतो. देवाचं नाव त्याच ओळीत हाय."

मी सांगितलं, "बाई, प्लेअर लगेच वाजतो. रेडिओच्या काचा तापायला वेळ लागतो. आधी रेडिओ चालू करायचा, जरा थांबायचं, मग प्लेअर."

"म्हणजे आमच्या मालकावानीच की! हाक मारली तरी चहा होईस्तोवर उठायचं न्हाई."

मालक बाहेर ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "पण उठल्यावर आवाज कुणाचा येतो? तुझाच!"

*

आता माझं कोपर. डावा हात सरळ होत नाही. लोकांना वाटतं पडलो असेन.

काही रेडिओंत ट्रान्स्फॉर्मर नसतो. स्वस्तात केलेले असतात. घरातला करंट सरळ आतल्या पत्र्यावर फिरतो. दोन पिनांचा प्लग, एका बाजूने घातला तर काही होत नाही. उलटा घातला की सगळा पत्रा जिवंत.

माझ्या जवानीतली गोष्ट. लिंबाजी धनगर मेंढरं बाहेर बसवून दुकानात टेकला होता. माझा मित्र, एका वर्गात नापास झालेलो. त्या दिवशी मी हात खिशात ठेवला नव्हता. पत्र्याला चिकटलो. ओरडता येईना, सोडता येईना.

लिंबाजीनं हाताला हात लावला नाही. अक्कल होती. वेळूची सुकी काठी उचलली आणि अशी घातली की मी सुटलो आणि कोपर मोडलं.

शुद्धीवर आलो तर म्हणाला, "मेंढरूबी इतकं आडमुठं नसतं बे!"

तेव्हापासून पोळा, दसरा, लग्नकार्य, कुठेही भेटला की चारचौघांत तेच. "दगड्या, माझी एक काठी हाय तुझ्याकडं." मला कुणाचं ठेवून घ्यायची सवय नाही. पण हे फेडायचं कसं?

*

दोन हजार तेवीसच्या त्या दसऱ्याआधी लिंबाजी आपला रेडिओ घेऊन आला. मेंढरं विकून झाली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. पुतण्याने त्याच्या ओव्या प्लेअरमध्ये भरून दिल्या होत्या. ढोलावर म्हटलेल्या, त्याच्याच आवाजातल्या.

मी झाकण काढलं. ट्रान्स्फॉर्मर नव्हता. तोच प्रकार.

"याला प्लेअर जोडायचा नाही," मी म्हणालो. "पत्र्यातला करंट वायरीतून थेट तुझ्या हातात येईल. मधे घालायला एक छोटा ट्रान्स्फॉर्मर मागवतो. तोवर थांब."

"रेडिओत माझा आवाज आला पायजे, दगड्या. मंग मेलो तरी चालंल."

"तेच होईल."

तो ऐकणारा नव्हता. म्हणून प्लगच्या एका बाजूला मी तांबड्या रंगाचा ठिपका दिला. बजावलं, "नुसता रेडिओ लावलास तरी तांबडा ठिपका वर. दिसेल ना?"

"तांबडं दिसतंय. बाकी न्हाई दिसलं तरी."

मी पाच-सहा दिवस धड जेवलो नाही. रस्त्याने कोणी घाईत येताना दिसलं की वाटायचं, लिंबाजीचाच निरोप.

*

खंडेनवमीला पार्सल आलं. ट्रान्स्फॉर्मर पिशवीत घातला आणि तडक लिंबाजीकडे गेलो.

सकाळपासून लाइट नव्हती. घर सारवलेलं, जमीन अजून ओली. भिंतीला हत्यारांची पूजा मांडलेली. कुऱ्हाड, कोयता, लोकर कातरायची कातर, ती वेळूची काठी आणि शेवटी रेडिओ. सगळ्यांना झेंडूच्या माळा.

लिंबाजी रेडिओपुढे उकिडवा बसलेला. पूजेपुढे म्हणून पायात चप्पल नाही. रेडिओच्या मागच्या भोकांत वायर खुपसलेली. प्लेअर स्टीलचा, तो मुठीत.

"वायर कुणी दिली?"

"गफूरनं. ठिवलाय चालू करून. लाइट आली की वाजंल."

"सोड तो!"

"कावून? तांबडा ठिपका वर हाय. तूच बघ."

मी उंबऱ्यातूनच बघितलं. प्लगचं बोर्ड त्याच्या पाठीमागे, पार कोपऱ्यात. ठिपका खरंच वर होता. तांबडाभडक. मी श्वास सोडला.

मग ध्यानात आलं. माझा ठिपका इतका मोठा नव्हता.

"सुनंदा!" मी त्याच्या सुनेला हाक मारली. "प्लगची पूजा केलीस का?"

ती हात पुसत आली. "केली की तात्या. समद्यांची केली."

"कुंकू कुठं लावलं?"

"एका अंगाला आधीच व्हतं कुणीतरी लावलेलं. दुसरं अंग मोकळं दिसलं. बरं दिसत न्हाई म्हणून तिकडंबी लावलं."

"लिंबाजी, फेक ते!" मी ओरडलो.

तेवढ्यात लाइट आली.

लिंबाजी ताठ झाला. मूठ आवळली. तोंड उघडं, आवाज नाही. सुनंदा "मामा!" म्हणून धावली. तिला मी खांद्याने ढकललं. एक हात खिशात घातला. दुसऱ्याने पूजेतली काठी माळेसकट उचलली आणि मनगटावर घातली. असेल तेवढ्या जोराने.

प्लेअर सुटला आणि वायरीला लोंबकळायला लागला. लिंबाजी आडवा झाला. मनगट वाकडं. सुनंदा रडत होती, मी त्याच्या छातीला कान लावला होता. मला माझीच धडधड ऐकू येत होती.

मग रेडिओच्या काचा तापल्या. ढोल वाजला. आणि घरभर लिंबाजीचा आवाज भरला, तरण्या माणसाचा असावा तसा.

लिंबाजीनं डोळे उघडले. रेडिओकडे बघितलं. मनगटाकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या काठीकडे.

"फिटली," म्हणाला.